रहिमतबीच्या कडुनिंबावर कोण चढलं होतं?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता... अर्धी हयात झाडांवर गेलेल्या माणसाचा बसणार तरी कसा? ज्या चिंचेखालून लोक दिवसाही जायला टरकायचे, तिच्या शेंड्यावर बसून मी भाकर खाल्ली आहे. वर मुंगळ्यांखेरीज कुणी भेटलं नाही. तरी ही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

पोलीस अ‍ॅक्शनच्या एक-दोन वर्षं आधीची. मी कळमनुरीकडचा. आधी चिंचा झोडपायला चढायचो, मग आमराया राखणाऱ्या मामाकडून छाटणी शिकलो. पुढे घरावर आलेल्या फांद्या उतरवायला लोक लांबून बोलावू लागले. मामाची शिकवण एकच — झाडाआधी घर बघायचं. खाली कोण निजतं, चूल कुठं, ढोरं कुठं, हे विचारल्याशिवाय मी कुऱ्हाडीला हात लावत नसे. लोक वैतागायचे. झाड छाटायला आलास की सोयरीक जमवायला, म्हणायचे.

आखाडा बाळापूरच्या रहिमतबीचा निरोप आला. नवरा वारलेला, मुलगा व्यापारासाठी फिरतीवर, आणि बाळंतीण सून तान्ह्या मुलीसह मागच्या खोलीत. त्या खोलीवर कडुनिंबाची जाडजूड फांदी झुकलेली. उद्या येतो म्हणून कळवलं आणि नेमका तापानं पडलो. दिवसभर अंगावर घोंगडी, उशाशी बायको. डोक्यात मात्र ती न पाहिलेली फांदी. इतकी धास्ती का वाटतेय, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तसा निघालो. जाऊन बघतो तर फांदी पहाटेच खोलीवर कोसळलेली. वारा नाही, वावटळ नाही. आत नुसता कौलांचा ढीग. तेवढ्यात ओसरीवरून लेकराचं रडणं ऐकू आलं...

रहिमतबीनं माझे हात धरले. "किसनभाऊ, काल तुमी बाज हलवायला लावली म्हणून लेकरू वाचलं. बाज ओसरीवर येईस्तोवर तुमी झाडाला हात लावला न्हाई."

मी काल आलोच नव्हतो, म्हणालो. तिला ती थट्टा वाटली. सुनेनंही तेच सांगितलं — मी आलो, खोलीत कोण निजतं ते विचारलं, बारक्या फांद्या उतरवल्या, मोठी आतून पोकळ आहे, उद्या दोर घेऊन येतो म्हणालो आणि पाणीही न पिता गेलो.

मी झाडावर चढलो. कापलेल्या प्रत्येक जागी शेणमातीचा लेप होता, आतून अजून ओला. मी डावखुरा, लेप डाव्या अंगठ्यानं दाबत आणतो. इथं तसाच दाबलेला होता. लेकरू वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला तिथं क्षणभर थांबवेना.

तापाच्या भरात गेला असशील, असं लोक म्हणतात. पण बायको, गिरजा, माझ्या उशाची हलली नव्हती. कुऱ्हाडही खुंटीलाच होती.

ती मुलगी आता लेकुरवाळी आहे. मला मामू म्हणते, ईदला शीरखुर्मा पाठवते. खाताना वाटतं, हा दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीचा आहे. तो कोण, ते आजवर कळलेलं नाही.

गिरजाला मात्र मी सांगून ठेवलंय, "मी कधी दारात येऊन बाज हलव म्हणालो, तर काहून म्हणून इचारू नको. अन् त्या बाजेवर मीच निजलेला दिसलो, तरी मला उठव."