पुरतं बुडायचं

एप्रिलातला दुसरा रविवार. विश्रामबागेत पिठाच्या गिरणीवरच्या भाड्याच्या खोलीत आमची बॅप्टिस्ट मंडळी सुरू झाली. हजर आम्ही सात जण, पाळक धरून. बाप्तिस्म्याच्या टाकीसाठी जमले अकराशे रुपये. खजिनदार मी. सगळ्यांना गोळा करणारे याकोबमामा, कोरेगावकडचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर.

मामांची एक सवय होती. नदीवर गेले की आधी पाण्यात दगड टाकायचे आणि कान देऊन उभे राहायचे. "पाण्याला इचारल्याबिगर पाय टाकू नये. बेडूक उडाला तर पाणी मोकळं."

लहानपणी कपाळावर पाणी शिंपडून त्यांचा बाप्तिस्मा झालेला. तो ते धरत नसत. "मेलेल्याला माती भुरभुरून पुरत्यात व्हय? माणूस पुरता बुडाय पायजे." सत्तरी उलटली, तरी तेवढं राहून गेलं होतं.

मी म्हणालो, "मामा, टाकी होऊ द्या. कृष्णेत मगर दिसलीय."

"खजिनदार, तुझ्या अकराशात टाकीचा तळबी व्हायचा न्हाई. तवर मी ऱ्हातोय का?"

मे महिन्यात आम्ही बाप्तिस्म्यासाठी कृष्णेवर गेलो, तेव्हा नदी आटलेली. कमरेएवढं पाणी फक्त डोहात. म्हशी धुणारा एक जण ओरडला, "आवं, मगरीलाबी ख्रिस्ती करताय का?"

"ती आमच्याआधीच बुडालीया, गड्या!"

मामांनी दगड टाकला. एक बेडूकसुद्धा हलला नाही. मामा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "खोल बाजू माझी," आणि सगळ्यांच्या आधी उतरले. मी माझ्या बायकोला, रूथला म्हणालो, परत जाऊ. ती मामांकडे बघत पाण्यात शिरली. ती बाहेर येईपर्यंत मामांनी डोहावरची नजर काढली नाही. मागे म्हशी आपणहून काठावर चढल्या होत्या.

शेवटी मामांची पाळी. पाळकांनी त्यांच्या पाठीला हात लावला, आणि मामा त्या हातातून खाली ओढले गेले. आम्ही काठ्या आपटल्या, दगड मारले. मगरीने सोडलं, पण मांडी राहिली नव्हती.

दवाखान्यात त्यांनी पायाचं नावही काढलं नाही. "खजिनदार, तू गोड बोलणारा न्हाईस. पाळकांचा हात सुटला. मी पुरता बुडालो का न्हाई?"

मी पाहिलं ते सांगितलं. "डोक्यासकट, मामा. एक केस वर नव्हता."

"मग झालं तर."

संध्याकाळी ते गेले.

कबर खणणारा म्हणाला, "उन्हाळ्याची जमीन लय कडक हाय. जरा वरच्यावर भागवू का?"

"नाही. पुरती खोल."

टाकीचे अकराशे रुपये त्याला दिले.