हवापालटाला गेलेली माणसं

बी.ए. झाल्यावर मला जी पहिली नोकरी लागली, ती काय आहे हे आईला कुणाला नीट सांगता येत नसे. शेजारणींनी विचारलं की ती म्हणायची, लोकांच्या घरी जाऊन त्यांची दुखणी विचारते. तिचं काही चुकत नव्हतं. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्या थरातली माणसं कशाने आजारी पडतात आणि कुठल्या वयात मरतात, याची एक पाहणी निघाली होती. एकीकडे बंगले आणि ब्लॉकच्या इमारती, दुसरीकडे टेकडीखालच्या, कोकणातून आलेल्या कामगारांच्या चाळी. मी चाळीतली. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी तेव्हाही मान वर करून सांगत असे, आजही सांगते.

आम्ही चौघं घरोघर फिरून फॉर्म भरायचो. प्रत्येक फॉर्मखाली ‘वरील माहिती खरी आहे’ असं छापलेलं असे आणि त्याखाली भरणाऱ्याची सही. पाहणीचे प्रमुख एक डॉक्टर होते. सकाळी स्वतःचा दवाखाना, दुपारी हे काम. आवाज कधी चढवायचे नाहीत, आमच्यासाठी चहा स्वतःच्या खिशातून मागवायचे. चाळींच्या बाजूला छातीच्या रोगाचा दवाखाना काढायचा की नाही, हे त्यांच्या अहवालावरून ठरायचं होतं. म्हणून मी उन्हातान्हात जास्तच पायपीट करत होते.

फॉर्म गोळा झाले आणि एका दुपारी डॉक्टर खूश होऊन आले. म्हणाले, गंमत बघा, बंगल्यांत पुरुषांचे मृत्यू दिसतात, चाळींत जवळजवळ नाहीतच. कोकणातला माणूस मुळातच काटक. नाचणी, ताजी मासळी, लहानपणापासूनची मेहनत. त्याला मुंबईची हवा बाधत नाही. हे ते टोचून म्हणत नव्हते, कौतुकानं म्हणत होते, आणि हेच ते अहवालात लिहिणार होते. काटक माणसांना दवाखाना कोण देतो?

मी आमच्या चाळीचा गठ्ठा काढला. स्वतःच्या चाळीचे फॉर्म स्वतः भरायचे नाहीत असा नियम होता, म्हणून ते माझ्या एका सहकाऱ्याने भरले होते. पार्ल्याचा मुलगा, वडील सरकारी कचेरीत, अक्षर मोत्यासारखं. आमच्या खोलीचा फॉर्म सापडला. गेल्या पाच वर्षांत या घरात कोणी वारलं का? समोर त्याच मोत्याच्या अक्षरात: नाही.

माझे वडील वारून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

मी त्याला गाठून विचारलं, तू माझ्या आईला नक्की काय विचारलंस.

“छापलंय ते,” तो म्हणाला. “घरात कोणी वारलं का. त्या म्हणाल्या, नाही. आता तुझ्या आईला मी खोटं पाडू का?”

आई खोटं बोलली नव्हती. घरात कोणी वारलं नव्हतं. वडील कुर्ल्याच्या एका मिलमध्ये कापसाच्या गाठी फोडायच्या खात्यात होते. खोकला लागला, अंग उतरत गेलं, आणि डॉक्टरने हवापालट सांगितला. गावी जा, मोकळी हवा खा. मी आणि आई त्यांना भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसवून आलो. ट्रंक त्यांनी मला उचलू दिली नाही. परीक्षा दे आणि मग ये, एवढं म्हणाले. माझी परीक्षा संपायच्या आत गावाहून कार्ड आलं.

आमच्याकडे सगळ्यांचं असंच व्हायचं. खोली मालकाची, छातीचं दुखणं कळलं की तो खोली सोडायला सांगणार. घरात मुली लग्नाच्या. गावी निदान भाऊ असतो, पेज असते, शेवटी जळायला आपल्या आंब्याचं लाकूड असतं. माणूस मुंबईत कामाला यायचा आणि कामाचा उरला नाही की बोटीत बसायचा. मुंबईच्या खाती त्याचं काम लागायचं, मरण लागायचं नाही.

त्या संध्याकाळी मी चाळीत दारोदार फिरले आणि प्रश्न फिरवून विचारला. इथून आजारी होऊन गावी कोण गेलं, आणि परत आलं नाही? दार आणि दार बोलायला लागलं. कुणाचा नवरा, कुणाचा दीर, एकीचे दोन्ही मुलगे. टोकाच्या खोलीतल्या काकू तर माझ्यावरच उखडल्या.

“असं विचारायचं ना मग,” त्या म्हणाल्या. “तो गोरा पोरगा विचारीत होता, घरात कोण मेलं. घरात कशाला मरतील गं? घरात जागा आहे का मरायला?”

आणि हसल्या. मीही हसले. न हसून काय करणार होतो?

आमच्या खोलीत मात्र कोणी हसलं नाही. आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. घरात ती मालवणीच बोलायची.

“तुझो बापूस गावाक काय मजा करूक गेल्लो? माका ठाऊक नाय?” ती म्हणाली. “पण ता कागदार चढवूचा नाय. तुझ्या भयणीचा लगीन ठरत इला हा. क्षयाचा घर म्हणतले.”

मी म्हटलं, नाव येणार नाही. ती म्हणाली, तू बी.ए. झालीस म्हणून सगळे गप्प बसणार आहेत का? आणि पाठ फिरवून भाकरी थापायला लागली. तिची भीती खोटी नव्हती. चाळीत ज्या मुलीचा बाप खोकून गेला तिचं ठरलेलं लग्न मोडताना मी पाहिलं होतं. मी कोरा फॉर्म तसाच मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझे फॉर्म सह्यांसाठी पुढे केले. मी म्हटलं, मी सही करणार नाही. खोलीतले तिघंही वर बघायला लागले. सहकारी पुटपुटला, झालं, आणली हिने चाळ ऑफिसात. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, का?

“कारण खाली छापलंय की माहिती खरी आहे. ती खरी नाही. हे लोक काटक नाहीत, साहेब. ते मरायला गावी जातात.”

डॉक्टर म्हणाले, रत्नागिरीकडे झालेला मृत्यू आपण मुंबईत कसा धरणार? प्रत्येक पाहणीला कुठेतरी कुंपण घालावंच लागतं. त्यात तथ्य होतं, नाही असं नाही. पण मी कुंपणाच्या पलीकडे पडलेल्या माणसाची मुलगी होते. मी म्हटलं, खोकला इथे लागला, तो तुम्ही कुठे धरणार? ते म्हणाले, सही नसलेले फॉर्म मला वगळावे लागतील, आणि तुमच्या जागी दुसरं माणूस घ्यावं लागेल. मी म्हटलं, घ्या.

मग मला एकदम सुचलं ते मी विचारलं.

“सकाळी तुमच्या दवाखान्यात चाळीतला छातीचा रोगी आला, तर तुम्ही त्याला काय सांगता?”

“औषध देतो,” ते म्हणाले. “आणि हवापालट.”

“कुठे?”

ते ‘गावी’ म्हणाले आणि थांबले. त्यांना हरवल्याचा आनंद वगैरे मला झाला नाही. आमच्या वडिलांना गावी जा सांगणारा डॉक्टर दुसरा होता, पण तोही असाच भला माणूस असणार. शेवटी ते म्हणाले, चाळी पुन्हा करा. तुमचा प्रश्न घाला. नावं नकोत. जादा माणसं मिळणार नाहीत, आणि महिनाअखेर मला सगळं टेबलावर हवं.

“वाट लागली माझ्या रविवारांची,” सहकारी म्हणाला. पण आला.

आता प्रश्न बदलला होता आणि उत्तरं आवरेनात. दुखणं कधी सुरू झालं, असं मी विचारायची, तर बायका नवऱ्याच्या लहानपणापासून सुरुवात करायच्या. आईचं दूध आटलं तेव्हा तांब्याभर पेजेवर वाढला. शाळेच्या वयात गुरं राखली. मिसरूड फुटायच्या आत काकाबरोबर मुंबईला आला, खानावळीत पाळीपाळीने झोपला, एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच उबेत पडायचा. फॉर्मवर या सगळ्याला एक ओळ होती. मी पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागले. सहकारी म्हणाला, अगं, आजार लिही, चरित्र नको. मी म्हटलं, आजारच लिहितेय.

बंगल्यांतही आम्ही नवा प्रश्न घेऊन गेलो, चाळींना तेवढं वेगळं विचारलं अशी तक्रार नको म्हणून. तिथे एक गृहस्थ झोपाळ्यावर बसून म्हणाले, हो तर, मीही गेलो होतो हवापालटाला, देवळालीला, वर्षभर. दूध, अंडी, दुपारची सक्तीची झोप. त्यांची तब्येत उत्तम होती. लहानपणी घरी दोन गाई होत्या हेही त्यांनी हौसेने सांगितलं. बाहेर पडल्यावर सहकाऱ्याने फॉर्म पिशवीत घातला. मग म्हणाला, हे परत येतात, नाही का.

हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंच होतं.

आमची खोली त्याच्याच वाट्याची, म्हणून शेवटच्या रविवारी तो आला. मी दारात उभी राहिले. मला बोलायची परवानगी नव्हती, आणि आईने मला बोलूही दिलं नसतं. तिने त्याला पाट दिला, पाणी दिलं. तिने विचारलं, नाव लिहिणार? तो म्हणाला, नाही काकू. आडनाव? नाही. खोलीचा नंबर? त्याने फॉर्म तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नंबर नाही म्हणून मी मान हलवली.

“लिही,” ती म्हणाली.

आणि तिने सांगितलं. वडिलांच्या जन्माच्या आधीपासून सांगितलं: त्यांची आई पोटुशी असताना भाताच्या लावणीला वाकली होती तिथपासून. मला यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. सहकारी लिहीत होता, अक्षर बिघडत होतं, तरी लिहीत होता. धक्क्यापर्यंत आल्यावर ती थांबली.

“दवाखानो झालो तर थयसून तरी ‘गावाक जा’ म्हणान सांगूचे नाय ना?”

सहकाऱ्याला ते पुरतं कळलं नाही. मी समजावून सांगितलं, तिथूनही गावी जा असंच सांगणार नाहीत ना, असं ती विचारतेय. तो म्हणाला, हे माझ्या हातात कुठे आहे काकू?

मी म्हटलं, हातात पेन आहे ना, मग हेही लिही.

अहवालात ‘काटक’ हा शब्द आला नाही. गावी गेलेल्यांचं वेगळं प्रकरण आलं, आणि त्याच्या शेवटी डॉक्टरांनी आईची अट स्वतःच्या शिफारशीत घातली: छातीच्या रोग्याला गावी धाडू नये, इथेच ठेवून बरा करावा. वरच्यांनी त्यावर खाटा नाहीत असा शेरा मारला. डॉक्टरांनी तो शेरा मला दाखवला आणि विचारलं, आता काय करायचं? मी म्हटलं, आणखी माणसं मोजायची, मुलुंडच्या पलीकडच्या चाळी अजून राहिल्यात. फॉर्म द्या.