मामांची रानातली बैठक
माझे मामा फौजेतून निवृत्त होऊन पलूसला शेती बघतात. शौचालयाशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर आम्ही दोघं कोयनेच्या जंगलाकडेला त्यांच्या एका फौजी मित्राकडे राहायला गेलो. मित्रानं पाहुण्यांसाठी चकचकीत फरशीचा संडास बांधला होता. मोठ्या अभिमानानं त्यानं दार उघडून दाखवलं.

"झ्याक हाय," मामा म्हणाले, "पण हवा न्हाई." आणि पाण्याची बाटली घेऊन ते गवतात दिसेनासे झाले. होतो तोवर रोज सकाळी हेच.

परतल्यावर थोड्या दिवसांनी मामांना सणकून ताप भरला. मी त्यांना कुपवाडला माझ्या घरी आणलं. बायकोनं बघताक्षणीच डेंग्यू ठरवला आणि डासांशी युद्ध पुकारलं. कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या केल्या, शेजाऱ्यांचं पिंपसुद्धा ओतून दिलं, त्यावरून भांडण झालं ते वेगळंच. फ्रिजमागचा ट्रे ओढला तर त्यात खरंच अळ्या वळवळत होत्या. ती माझ्याकडे असं बघू लागली, जणू मीच त्या पाळल्यात.

पण रक्त तपासलं तर डेंग्यू नाही, मलेरियाही नाही. ताप हटेना. मामा मच्छरदाणीत पडल्या पडल्या हिंदीत हुकूम सोडू लागले आणि मला 'साब' म्हणाले. तेव्हा मात्र मी गाडी काढली. आम्ही थेट मिरज गाठलं.

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रानात गेला होता का?"

"व्हय," मामा कण्हले.

"अंगावर कुठं काळी खपली?"

"न्हाई."

"सगळं अंग बघावं लागेल, काका."

"आवं बाई, छाती बघा, पाठ बघा. त्याच्या खालचं भरतीच्या टायमाला सरकारनं बघितलंय. तेवढं बास."

"काका, लाज राखायची की जीव?"

मामांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पडदा ओढला. क्षणभरानं आतून आवाज आला, "सापडली!"

नको त्या जागी, विडीनं चटका द्यावा तशी काळी खपली होती. गवतात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांची पिल्लं चावली की हा ताप येतो, त्याला स्क्रब टायफस म्हणतात, असं बाईंनी सांगितलं. लगेच गोळ्या सुरू केल्या. एक-दोन दिवसांत ताप उतरला. मामांनी मटण मागितलं आणि माझ्या जिवात जीव आला.

मग ती खपली बघायला डॉक्टरकीची पोरं येऊ लागली. पहिल्या टोळीला मामांनी तोंडावर चादर ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी नुसतंच भिंतीकडं तोंड केलं. शेवटची पोरं आली तेव्हा मात्र ते आपणहून कुशीवर वळले आणि म्हणाले, "बघा रं लवकर. च्या गार व्हायलाय."