रविवारच्या पट्टीतलं बाळ

माझी धाकटी बहीण बाळंतपणाला नागावला आली ती अडीच वर्षं राहिली. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, महिनोन्‌महिने बाहेर. मुंबईतल्या दोन खोल्यांत एकटीनं मूल सांभाळण्यापेक्षा इथं आई-बाबा होते, मी होते, मागे नारळ-सुपारीची वाडी होती. मी तेव्हा अलिबागच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. करायचं नाही असं ठरवलंही नव्हतं.

बारशात त्याला नाव ठेवलं होतं, पण घरात सगळे बाळच म्हणायचे. ते रांगायला लागलं आणि मी शाळेतले उरलेले कागद घेऊन त्याच्यामागे फिरायला लागले. बाबा वाडीत शिंपणं करून यायचे आणि ओल्या हातांनीच त्याला उचलायचे. आई आतून म्हणायची, "अहो, हात तरी पुसा." बाळ बाबांच्या बनियनला धरून पोटावर चढायचं आणि तिथंच झोपायचं. हे सगळं मी काढत गेले. चार चौकटी, दोन-तीन वाक्यं, संपलं. एका मैत्रिणीच्या ओळखीनं ती चित्रपट्टी एका वृत्तपत्राच्या जिल्हा पुरवणीत गेली आणि दर रविवारी छापून यायला लागली. बाळ, त्याची आई, बोटीवरून फोन करणारा बाप, आजी आणि आजोबा.

आईनं एकदा विचारलं, "अगो, तू कुठं आहेस यात?"

"मावशी आली तर चौकटीत गर्दी होईल," मी म्हटलं.

 ती भाजी निवडायला लागली.

मेहुण्यांना सिंगापूरला जमिनीवरची नोकरी मिळाली तेव्हा बहीण बाळाला घेऊन गेली. तसं व्हायला हवंच होतं. गाडी वळली आणि बाबा घरात न येता सरळ वाडीत गेले. पडवीच्या पायरीवरून बाळ पडू नये म्हणून त्यांनी एक फळी आडवी ठोकली होती. ती त्यांनी कितीतरी दिवस काढली नाही. आम्ही ती ओलांडून जा-ये करायचो.

पट्टी मी चालू ठेवली. खरं बाळ तिकडे शाळेत जायला लागलं, त्याचे दात पडून नवे आले, ते फोनवर "हाय मावशी" म्हणून पळून जायला लागलं. पट्टीतलं बाळ रांगतच होतं. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी बाई पेपर बघून मला म्हणाली होती, "बाय, इतकी वर्सं झाली, तुमचं बाल अजून चालत न्हाय?" आम्ही दोघी हसलो. ती गेल्यावर मी बराच वेळ कोलंबी सोलत बसले.

बाबा गेले ते दुपारी, वाडीत, पंप बंद करायला म्हणून गेले असताना. बहीण एकटीच धावत आली आणि दिवस झाल्यावर परत गेली. पुरवणी बघणाऱ्या गृहस्थांचा फोन आला. "ताई, काही आठवडे सुट्टी घ्या," ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी पट्टी काढायला बसले. आजोबांना पट्टीत ठेवायचं की नाही, हे मला ठरवताच येईना. शेवटी हातानंच ते रेखाटले. बाळाला खांद्यावर घेऊन ते त्याला शहाळं दाखवत होते.

ती छापून आली त्या रविवारी आईनं पेपर उघडला नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यानंतरच्या रविवारी मी चहा घेऊन आले तर ती चष्मा लावून तेच पान बघत होती.

"त्यांच्या बनियनला इथं ठिगळ होतं," ती खांद्यावर बोट ठेवून म्हणाली. "मीच लावलं होतं."

पुढच्या पट्टीत मी ते ठिगळ दाखवलं. तेव्हापासून ती सांगत गेली. थंडी पडली की, "आज त्यांना स्वेटर घाल." पाऊस लांबला की, "विहिरीत डोकावताना काढ, ते रोज बघायचे." बाहेर नागाव बदलत होतं. शेजारच्या वाडीत पर्यटकांसाठी खोल्या झाल्या, शनिवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची, आणि आमच्या घरात आम्ही दोघीच होतो. पूर्ण भरलेलं घर काय ते त्या चार चौकटींत.

भाचा तेरा वर्षांचा असताना सुट्टीत आला. उंच, किडकिडीत, दारातून येताना जरा वाकणारा. रविवारी त्यानं पेपर हातात घेतला. अडखळत वाचलं.

"मावशी, हा मी आहे?"

"तूच."

"पण मी अजून रांगतोय."

"हो," मी म्हटलं.

मग त्यानं आजोबांवर बोट ठेवलं. "हे मला आठवत नाहीत. आजी, ते असेच होते?"

आई चुलीपाशी जायला उठली होती ती पुन्हा बसली. आणि बाबा गेल्यापासून जे ती माझ्याशी बोलली नव्हती ते तिनं त्या मुलाला सांगितलं. लग्नानंतर बाबांनी तिला सायकलवर डबल बसवून अलिबागला नेलं होतं ते. रुसले की जेवायचे नाहीत पण ताटाजवळ बसून राहायचे ते. त्याला निम्मं कळत नव्हतं. तरी तो मांडी घालून ऐकत राहिला.

तो गेल्यावर माझी पट्टी बिघडली. बाळ काढायला घेतलं की हात त्याला लांब करायचा. मान उंच व्हायची, गुडघे बाहेर यायचे. मला आता त्या लांब मुलाची आठवण येत होती, आणि तो तर पट्टीत नव्हताच. मी जुन्या पट्ट्या समोर ठेवून बाळ उतरवून काढायला लागले. वाचकांना फरक कळला नसावा. आईला कळला असणार.

मग एक दिवस फोन आला, जिल्हा पुरवणी बंद होतेय. आईला सांगायला मी चार दिवस लावले. ती म्हणाली, "शेवटचं काय काढशील?"

"त्याला चालवीन म्हणते. पहिलं पाऊल."

"नको," आई म्हणाली. "चालायला लागलं की जातं."

मी बाळाला बाबांच्या पोटावर झोपवलं. चारही चौकटींत तेच. फक्त ऊन पडवीतून सरकत गेलेलं. बोलणं कुणाचंच नाही. खाली निरोपाची ओळ असावी का, असं त्या गृहस्थांनी विचारलं. मी नको म्हटलं.

त्या शेवटच्या पट्टीला आता वर्ष होत आलं. रविवारी आई पेपर वाचते, घडी घालून ठेवते, आणि कधी मधेच म्हणते, "आज काय केलं असतं गो त्यांनी?" मी काहीतरी सांगते. कागद घेत नाही.

मागच्या महिन्यात सकाळीच फोन वाजला. पलीकडून जाडसर, घोगरा आवाज.

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"मावशी, मी."

तरी मला ओळखता येईना. कुणी होमस्टेची चौकशी करतंय असं वाटून मी म्हटलं, "शेजारचा नंबर देते, थांबा." तो हसायला लागला. हसणं मात्र लहानपणचंच होतं. आईनं माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला विचारलं, जेवलास का, तिथं पाऊस आहे का, कधी येतोस.