हिरामणचं एक पान

सातपूरच्या त्या पत्र्याच्या कारखान्यात हिरामण गावित एकतीस वर्षं पत्रा कापणाऱ्या एकाच प्रेसवर उभा होता, आणि त्यातली निम्मी तरी त्याने डोळे मिटून काढली असतील. नव्या माणसाला वाटे, म्हातारा डुलक्या घेतोय. तो ऐकत असे. मशीनचा धप्प धप्प ठोका ऐकता ऐकता तो पेठकडच्या आपल्या भातखाचरात पोचे. तिथे त्याचा बाप असाच बांधावर डोळे मिटून बसायचा आणि खेकड्याने बांध कुठे पोखरलाय, ते पाण्याच्या आवाजावरून सांगायचा.

कारखान्यात हल्ली एकपानी धडे आले होते. सुपरवायझर निकिता मॅडम प्रत्येक मशीनवर एक पान लावायच्या. वर चित्र, खाली चार ओळी, त्याखाली वाचल्याच्या सह्या. सह्या करण्यात आमचे लोक पटाईत. चहा पिता पिता अख्खी शिफ्ट सही करून मोकळी व्हायची. हिरामणनेही अशा चाळीसेक पानांवर न वाचता सही ठोकली होती.

रिटायर व्हायला पंधरा दिवस उरले, तेव्हा मॅडमनी त्यालाच एक पान लिहायला सांगितलं. त्याच्या जागी तृप्ती येणार होती, दोन महिन्यांपूर्वी लागलेली विशीतली पोर. हिरामणने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तर्जनी अर्धीच होती. क्लच झिजला की पेडल न दाबताच प्रेस खाली येते, हे तो त्या बोटाच्या बदल्यात शिकला होता. तृप्तीची दहाही बोटं शाबूत राहावीत, एवढंच त्याला हवं होतं.

पण आवाज कागदावर लिहायचा कसा? आठवडाभर कोरं पान घेऊन तो तंद्रीत फिरला. शेवटी त्याने पानभर एक मोठा कान काढला आणि खाली लिहिलं, ‘रोज सकाळी प्रेस रिकामी चालवा. लांब उभं राहून शंभर ठोके ऐका. सही मग.’

सगळे हसले. पण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. ऐकल्याशिवाय हिरामण कुणाला पेन देईना. हळूहळू सगळ्यांच्या सह्या झाल्या, तृप्तीची राहिली.

“काका, मला सगळे ठोके सारखेच ऐकू येतात,” ती रडवेली होऊन म्हणाली.

“मंग बराबर हाय. सारखा नाय आला, की बंद कर.”

शेवटच्या दिवशी सकाळीच हिरामणच्या गळ्यात हार पडला. साहेब बोलत होते आणि हा डोळे मिटून खाचराच्या बांधावर जाऊन बसला होता. तृप्ती तेवढी मशीनपाशी होती; फरक ऐकू आल्याशिवाय सही करायची नाही, असं ठरवून ती रोजचे शंभर ठोके ऐकत होती. धप्प, धप्प, आणि मागून एक बारीक टक. हिरामणने दचकून डोळे उघडले, तोवर तृप्तीने मशीन बंद केलं होतं. फिटरने क्लच खोलला, तर आतला पोलादी तुकडा चिरलेला निघाला.

तृप्तीने पेन मागितलं. हिरामणला रडू आवरेना. ती सही करत होती, आणि तो हार घातलेला तसाच उभा राहून तिची बोटं मोजत होता. दहा भरली.