औषध मारलेलं कुंपण

आमच्या घराभोवतीचं लाकडी कुंपण मी वडिलांना कोंडून ठेवायला घातलं. हे मी बरेच दिवस कुणाला सरळ सांगितलं नाही. कोणी विचारलं तर, "कुत्री फार येतात हो," म्हणायची आणि विषय बदलायची.

वडील शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो आणि त्यावरून वाळूत साचा पडतो. तो नमुना करणारा माणूस म्हणजे पॅटर्नमेकर. सगळी हयात लाकडात गेली. निवृत्त झाले, आई गेली, आणि हळूहळू त्यांना माणसं आठवेनाशी झाली. फौंड्री मात्र पक्की आठवायची. एका सकाळी डबा घेऊन ते फर्स्ट शिफ्टला निघाले आणि दुपारी हायवेच्या दुभाजकावर बसलेले सापडले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्या वेळी एका ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. मी वारणानगरला एका कॉलेजच्या ऑफिसात होते, ती नोकरी सोडून घरी आले. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं." त्याचं ते निर्धास्त असणं तेव्हापासून माझ्या डोळ्यांत खुपतं.

आधी काटेरी तार लावून पाहिली, तर त्यांनी ती पकडून तळहात फाडून घेतला. भिंत बांधायला माझं मन घेईना. भिंतीकडे तोंड करून बसलेले वडील डोळ्यांसमोर यायचे. लाकूड असलं तर निदान त्याला हात लावत बसतील, असं वाटलं. वखारवाल्याने हिरवट रंगाचे खांब आणि पट्ट्या दाखवल्या.

"गगनबावड्याला एका रिसॉर्टचं काम झालं, त्यातलं उरलंय, ताई. औषध मारलेलं हाय. तितल्या पावसात टिकतंय म्हंजे तुमच्यात काय धाड भरलीया? वाळवी वासबी घ्यायची न्हाय."

वाळवी वासही घेणार नाही अशी वस्तू माणसाने कशी हाताळायची, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

खांब गड्यांनी पुरले. फाटक वडिलांनी केलं. म्हणजे ते सरळ गड्याच्या हातातली करवत घेऊन बसले आणि ती परत मागायची कुणाची टाप झाली नाही. मी फाटकाची जागा मोजून दिली, बरोब्बर चार फूट. त्यांनी पेटीतून आपली लोखंडी पट्टी काढली, खुणा केल्या, कापलं, ठोकलं. माझं नाव न आठवणारा माणूस एवढं सुबक काम करताना बघून मला हेवाच वाटला त्या लाकडाचा. फाटक उचलून लावायला गेलो, तर अर्धा इंच मोठं.

मी तीनदा मोजलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गरम बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुळातच लांब असते, फुटाला एक सूत जास्त. चार फुटाला चार सूत, म्हणजे अर्धा इंच. वडिलांनी ओतकामाच्या पट्टीने घराचं फाटक मोजलं होतं.

"आप्पा, फाटक बसंना झालंय."

"थंड हू दे. आकसल."

मी कित्येक महिन्यांनी पोट धरून हसले. मग हातापाया पडून त्यांच्याकडून ते रंध्याने कमी करून घेतलं, पण तीन सुतांवर ते थांबले. शेवटच्या सुताला हात लावू देईनात. "एवढं ऱ्हाऊ दे, आकसायला पायजे," म्हणाले. त्यामुळे आमचं फाटक आजही खांदा लावून रेटल्याशिवाय लागत नाही.

या सगळ्या कापाकापीत टोपलीभर तुकडे आणि भुसा जमला. आमच्या घरात जळणारी वस्तू टाकून द्यायची रीत नाही. नारळाच्या करवंट्या, जुने खराटे, पॅटर्नच्या ढलप्या, सगळं परड्यातल्या बंबात जातं आणि त्यावर अंघोळीचं पाणी तापतं. राख डब्यात भरून भांडी घासायला ठेवायची, उरलेली वांग्यांच्या आणि कोथिंबिरीच्या वाफ्यावर भुरभुरायची, म्हणजे कीड लागत नाही. आईने हे असंच केलं, तेच मी केलं. चार दिवस ते हिरवट तुकडे बंबात घातले. छान जळत होते.

पाचव्या दिवशी वडिलांनी मागून येऊन माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात, की हातातला तुकडा खाली पडला.

"काय जाळायलीस?"

"लाकूड. सोडा की आप्पा, दुखतंय."

"लाकूड न्हवं ह्ये. कूलिंग टॉवर हाय."

मला वाटलं, आला झटका. मी त्यांना ढकलून आत न्यायला लागले, पण ते हलेनात. त्यांनी तो तुकडा बाजूला फडक्यावर ठेवला आणि त्याचं कापलेलं टोक मला दाखवलं. कडेने हिरवं, आत पांढरं. मग ते जे बोलले ते सलग आणि शहाण्या माणसासारखं बोलले. फौंड्रीतला गरम पाणी थंड करायचा जुना लाकडी कूलिंग टॉवर मोडला होता. त्याचं लाकूड असंच औषध पाजलेलं होतं. थंडीच्या दिवसांत पोरांनी ते पेटवून शेक घेतला, त्यावर चहा केला, आणि दुपारपर्यंत चौघं ओकून आडवे झाले.

"जाळलं तरी औषध जात न्हाई. राखंत बसतंय," ते म्हणाले. "राख कुटं टाकलीस?"

राख कढईला लागली होती, ताटांना लागली होती, सकाळीच खुडलेल्या कोथिंबिरीवर होती, आणि ती कोथिंबीर त्यांनी आमटीतून खाल्ली होती. मी वखारवाल्याला फोन केला. तो निवांत म्हणाला, "व्हय की, जाळायचं नसतंयच ते. सांगिटलं न्हवतं व्हय?" माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली; त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन दिवस मी भांडी साबणाने घासत होते. वाफ्यातली भाजी उपटली, वरची माती खरवडली. डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही, पुन्हा करू नका म्हणाले. राख, माती आणि उरलेले तुकडे जाड पिशवीत बांधले, पण घंटागाडीवाला ती घेईना आणि शेतात पुरायला मी धजेना. पालिकेत विचारलं तर ज्याने त्याने दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. ती पिशवी अजून न्हाणीमागे उंचावर बांधून ठेवली आहे. या घरातून बाहेर जाऊ न शकणारे आम्ही आता तिघं झालो.

त्यानंतर कुंपणाचं काम वडिलांच्या पद्धतीने होऊ लागलं. करवत चालवायची तर उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून, खाली जुनी ताडपत्री अंथरून. भुसा गोळा करून पिशवीत. कापलेल्या टोकाला औषधाचा हात परत मारायचा, नाहीतर आतलं पांढरं लाकूड कुजतं. हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही. आणि रोज सकाळी काठीने एकेक खांब ठोकत फिरायचं. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द वाजला तर आतून कुजायला लागला. हे शेवटचं त्यांनीच मला शिकवलं आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले. मी मात्र रोज ठोकत राहिले. एकूण चौतीस खांब.

खरं सांगते, मला त्यांचा कंटाळा आला होता. वडील म्हणून नाही, कैदी म्हणून. आणि मी तरी कोण होते? ते कुठे जाऊ नयेत म्हणून मीही कुठे जात नव्हते. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न, अंबाबाईचं दर्शन, साधं केस कापून येणं, सगळं त्या चौतीस खांबांपाशी येऊन थांबायचं. भाजी फाटकावर यायची, औषधं फाटकावर यायची. भाऊसुद्धा दिवाळीला फाटकावरच आल्यासारखा येऊन गेला.

गेल्या श्रावणात एके दुपारी मी दूध घेतलं आणि फाटक उघडं ठेवून आत आले. विसरले, असं म्हणता येईल. पण मला आठवतं, मी क्षणभर थांबले होते, उघड्या फाटकाकडे पाहिलं होतं, आणि खांदा लावायचं जिवावर आलं म्हणून तशीच वळले होते. दूध गॅसवर ठेवलं. ते तापेपर्यंत तिथेच उभी राहिले. हायवेवरचे ट्रक स्वयंपाकघरात ऐकू येतात. मग एकदम भानावर आले आणि धावत बाहेर गेले.

वडील उघड्या फाटकात उभे होते. आतल्या बाजूला, एक हात फाटकाच्या पट्टीवर ठेवून. मला बघून त्यांनी ओळख नसलेल्या माणसाला करतात तसा नमस्कार केला.

"पावणं, फाटक उगडं टाकू नगासा."

"का हो?" मी विचारलं.

"आत पोरगी हाय माझी. जायाच्या बेतात हाय."

"तिने सांगितलं तुम्हाला?"

"सांगतीय कशाला? रोज सकाळी खांब ठोकत फिरत्या. कुटला पोकळ झालाय बगत्या. मी म्हंतो, जाईना का बिचारी. पर म्होरं हायवे हाय. ट्रकवाली बगत न्हाईत."

मी फाटकाला खांदा लावला. ते नेहमीसारखं एका सुताला अडलं. वडील शेजारी आले, त्यांनीही खांदा लावला, आणि आम्ही दोघांनी ते आतून लावून घेतलं.