वाजवून बघणारे धोंडूतात्या

धोंडूतात्या आमच्याकडे आले की आधी काठीनं ओटा वाजवायचे, मग बसायचे. नारळ, मडकं, फणस, दुकानातली बादली, हाताला लागेल ते ठोकायचे आणि कान लावायचे. त्यांचा नवा जावई पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्याही पाठीत थाप मारून म्हणाले होते, "भरीव हाय. चालंल." मला हा माणूस फार आवडायचा, आणि त्याच्या त्या ठोकाठोकीचा तेवढाच वैताग यायचा.

त्यांचा उभा जन्म चिरेखाणीवर मुकादमकीत गेला. जांभ्याचा चिरा खणखणीत वाजला तर भिंतीत, बद वाजला तर बाजूला. "डोल्याला फसवता येतंय, कानाला नाय," असं ते जावयालाही सांगत आणि आमदारालाही. एकदा सड्यावर, गावाच्या वरच्या कातळपठारावर, पाण्याची टाकी बांधायला घेतली होती. तात्यांनी आखलेल्या जागेवर पहार आपटली आणि म्हणाले, "हितं नको, खाली पोकल हाय." खणलं तर हातभर खाली खरंच भुयार निघालं.

त्याच सड्यावर पूर्वी रसायनांचा कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी उताराखालच्या वाडीच्या विहिरीला वास यायचा आणि पाण्यावर तवंग धरायचा. विहिरीवर फळ्या ठोकल्या, वाडीला टँकर सुरू झाला. शेवटी वरची जमीन साफ करायची आणि ती गावाला विचारून करायची असं ठरलं. सरपंच मी, त्यामुळे बैठका माझ्या डोक्यावर. नकाशात कचरा पुरल्याच्या तीन जागा होत्या. ग्रामसभेनं मान्यता दिली की तेवढ्याच खणायच्या आणि बाकी जमीन स्वच्छ असल्याचा कागद व्हायचा.

तात्या प्रत्येक बैठकीला यायचे, शेवटच्या बाकावर बसून काठी वाजवायचे. इंजिनियर विचारायचा, "आणखी कुठं काही पुरलंय का?" तेवढ्यापुरती काठी थांबायची. हे मला आज आठवतंय. तेव्हा मी फक्त वैतागून म्हणायचे, "तात्या, पुरे आता."

शेवटची सभा शाळेत भरली. मी ठराव वाचला, पेनाचं टोपण काढलं.

"थांब बाय," तात्या उठले. "सही नको करू."

"आता काय? इतक्या बैठकांत तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"व्हय. शिवलेलंच हुतं." त्यांनी काठी बाकाला टेकवून ठेवली. "चौथी जागा हाय. जुनी खाण. कारखान्यानं पिंपं टाकून बुजवली ती."

इंजिनियरनं नकाशा पुढे ओढला. "दाखवा कुठं."

"नकाशा कशाला? माझ्या घराखाली हाय. चुलीच्या खाली म्हना."

आमच्याकडे सपाट जागा मिळणं मुश्कील. तात्यांच्या सड्यावरच्या जमिनीतली ती खाण कारखान्यानं फुकट बुजवून दिली तेव्हा अख्ख्या गावाला त्यांचा हेवा वाटला होता. त्यांनी त्या सपाटीवर घर बांधलं, पोरं वाढवली.

बायकांच्या रांगेतून त्यांची बायको, अनुसयाकाकी, उभी राहिली. "तुमाला ठाव हुतं?"

तात्यांनी होकारार्थी मान हलवली. काकीनं पदर सावरला आणि ती सभेतून निघून गेली.

इंजिनियर भला माणूस होता. हळूच म्हणाला, "आजोबा, पिंपं रिकामीही असतील. बरेच जण रिकामी टाकायचे." मी मनात म्हटलं, तात्या, हो म्हणा. म्हाताऱ्याचं घर वाचेल आणि माझी सही होऊन जाईल. मला सहीची घाई झाली होती, लाज वाटते पण लिहिते.

"रिकामा पिंप उतारावरनं बोंबलत जातो, सायब," तात्या म्हणाले. "भरलेला गप जातो. ही सगली गप गेली. आनि मीबी."

घर पाडलं. पिंपं निघाली, भरलेली, काही फुटलेली. दोघं सावर्ड्याला मुलीकडे राहायला गेली. पुढे कितीतरी महिने काकी त्यांच्याशी बोलली नाही, ताट मात्र वेळेवर वाढायची. मला म्हणाली, "घर गेलं त्याचं नाय गं. इतकी वर्सं त्या चुलीवर रांधलं मी. आधी मला सांगायचं हुतं, मग गावाला." तात्यांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तिचं बरोबर हाय," आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ते अंथरूण त्यांनी पुन्हा सोडलं नाही. शेवटच्या दिवसांत काकी बोलायला लागली होती, असं मुलगी सांगते.

ते गेल्यावर महिन्याभरानं खड्ड्यात स्वच्छ माती भरायला सुरुवात झाली. काकी सावर्ड्याहून रोज एसटीनं यायची आणि भराव बघत उभी राहायची. शेवटचा डंपर रिकामा झाला, रोलर फिरला, तशी ती तात्यांची काठी घेऊन मधोमध गेली. जिथं चूल होती तिथं तिनं काठी आपटली. वाकून कान लावला. पुन्हा आपटली.

मी जवळ जाऊन विचारलं, "काय काकी, भरीव आहे ना?"

"मला कुठं कलतंय," ती म्हणाली. "त्ये त्येंनाच कलायचं."